वाहतूक-अपराधाचा खटला आणि न्यायालयाचे स्थळ : वसई-विरारच्या संदर्भात एक विवेचन

सामान्य नागरिकाचा फौजदारी न्यायालयाशी संबंध आलाच, तर तो बहुधा मोटार वाहन अधिनियमाखालील एखाद्या किरकोळ अपराधाच्या निमित्ताने येतो. अपराध लहान, दंडही लहान; त्यामुळे विधिशास्त्राच्या अभ्यासात या विषयाकडे सहसा दुर्लक्ष होते. तथापि ज्या नागरिकाला आपल्या गावापासून दूर असलेल्या न्यायालयाचे समन्स येते, त्याच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा न्यायालयाचे अंतर हाच मोठा दंड ठरतो. ‘माझा खटला माझ्या गावच्या न्यायालयात चालवावा’ अशी मागणी त्याला करता येते काय, आल्यास कोणाकडे व कोणत्या आधारावर, आणि न आल्यास विधीने त्याच्यासाठी कोणती पर्यायी सोय केली आहे, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी वसई-विरार हे क्षेत्र उदाहरणादाखल घेतले आहे. येथील बहुसंख्य नोकरदारांचे जीवन मुंबईशी बांधलेले आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तालुक्यातून जातो. आणि शासनाच्या निरनिराळ्या हद्दी येथे एकमेकींना छेदतात. हा विषय समजून घेण्यास याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल.

१. तीन नकाशे

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला व वसई तालुका त्यात समाविष्ट झाला. वसई-विरार शहर महानगरपालिका त्यापूर्वीच, म्हणजे २००९ साली स्थापन झाली होती. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार या दोन्ही शहरांसाठी मिळून एक पोलीस आयुक्तालय कार्य करू लागले. यांपैकी मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे, वसई-विरार पालघर जिल्ह्यात. दोहोंच्या मध्ये वसईची खाडी आहे. अर्थात खाडीच्या अलीकडे काशिमीरा येथे वाहन अडविणारा पोलीस अधिकारी आणि पलीकडे पेल्हार येथे वाहन अडविणारा अधिकारी हे एकाच आयुक्तालयाचे असले, तरी ते निरनिराळ्या जिल्ह्यांत काम करीत असतात.

पोलिसांची हद्द हीच न्यायालयाची हद्द, असा जो सार्वत्रिक समज आहे तो येथे सपशेल खोटा ठरतो. न्यायालयांची रचना भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या आधारे ठरते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली व तिने १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. तिच्या ७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक राज्य हे एक वा अनेक सत्रविभागांचे बनलेले असते आणि एक सत्रविभाग म्हणजे एक जिल्हा किंवा अनेक जिल्हे असू शकतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या स्थानिक अधिकारक्षेत्राच्या मर्यादा उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली मुख्य न्यायदंडाधिकारी आखून देतो. सारांश, महसुली जिल्ह्याचा एक नकाशा, पोलिसांचा दुसरा आणि न्यायालयांचा तिसरा. न्यायालयाचे स्थळ शोधणाऱ्याने केवळ तिसरा नकाशा पाहावयाचा असतो.

या तिन्हींत न बसणारा चौथा एक घटक पुष्कळांची दिशाभूल करतो. तो म्हणजे वाहनाच्या क्रमांकपट्टीवरील अक्षरे. वसईच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या वाहनावर ‘एमएच-४८’ हा संकेत असतो. त्यावरून वाहनाची नोंदणी कोठे झाली एवढेच कळते. वाहन वसईचे आहे, मालक वसईचा आहे, म्हणून अपराधाचा विचार करण्याचा अधिकार वसईच्या दंडाधिकाऱ्यास प्राप्त होतो असे मुळीच नाही.

२. जेथे अपराध, तेथे न्यायालय

संहितेच्या १९७ व्या कलमात, म्हणजे जुन्या संहितेच्या १७७ व्या कलमात, सर्वसाधारण नियम सांगितला आहे : ज्या न्यायालयाच्या स्थानिक अधिकारक्षेत्रात अपराध घडला, त्या न्यायालयाने त्याची चौकशी व न्यायचौकशी करावी. मोटार वाहन अधिनियम हा विशेष अधिनियम असला तरी त्याखालील अपराधांनाही हाच नियम लागू पडतो, कारण त्या अधिनियमात खटल्याच्या स्थळाविषयी वेगळी तरतूद नाही. या नियमामागील हेतू उघड आहे. साक्षीदार, पुरावा व घटनास्थळ ही तेथेच असतात. तेथील समाजाच्या शांततेचा भंग झालेला असतो. आणि आरोपीला सोयीचे न्यायालय निवडू दिले तर अभियोक्त्यालाही तीच मुभा द्यावी लागेल.

कॅमेऱ्याच्या साहाय्याने होणाऱ्या कारवाईमुळे हा नियम शिथिल झाला नाही. उलट अधिक काटेकोर झाला. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या सुधारणेने १३६-अ हे कलम घालण्यात आले आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७-अ समाविष्ट झाला. त्यानुसार चित्रणावर स्थळ, दिनांक व वेळ यांची इलेक्ट्रॉनिक मुद्रा असणे अभिप्रेत आहे. म्हणजे पूर्वी पोलीस शिपायाच्या साक्षीने सिद्ध होणारे घटनास्थळ आता यंत्रानेच नोंदविलेले असते.

तथापि चालते वाहन हे स्थिर घटनास्थळाच्या कल्पनेला सहजासहजी मानवत नाही. वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडणारी मोटार एका क्षणी ठाणे जिल्ह्यात व दुसऱ्या क्षणी पालघर जिल्ह्यात असते. अपराध कोणत्या हद्दीत घडला हे अनिश्चित असेल, अथवा तो एका हद्दीत सुरू होऊन दुसऱ्या हद्दीत चालू राहिला असेल, तर कलम १९८ प्रमाणे त्यांपैकी कोणत्याही न्यायालयात खटला चालू शकतो. कलम २०३ याहूनही व्यापक आहे. प्रवासात असलेल्या व्यक्तीने अपराध केला असता, त्या प्रवासात ती व्यक्ती ज्या ज्या न्यायालयाच्या हद्दीतून गेली किंवा ज्या हद्दीत शिरली, त्यांपैकी कोणतेही न्यायालय त्याची न्यायचौकशी करू शकते. केवळ शब्दार्थ पाहता, पुण्याहून वसईस परतणाऱ्या मोटारचालकाने वाटेत केलेला अपराध वसईच्या न्यायालयातही चालविता येईल असा युक्तिवाद या कलमाच्या आधारे करता येण्याजोगा आहे. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ही कलमे न्यायालयाला अधिकार देतात. आरोपीला निवडीचा हक्क देत नाहीत. अनेक न्यायालये सक्षम असताना फिर्याद त्यांपैकी कोठे दाखल करावयाची हे अभियोग पक्ष ठरवितो.

स्थळाविषयीचा आक्षेप घ्यावयाचा असेल तर तो प्रारंभीच घेणे इष्ट. चुकीच्या स्थानिक क्षेत्रात खटला चालला एवढ्याच कारणावरून निर्णय रद्द होत नाही. त्यामुळे न्यायाची हानी झाली असे दाखवावे लागते, असा दंडक कलम ५०८ मध्ये आहे. मौन राखून शिक्षा झाल्यानंतर हद्दीचा मुद्दा उपस्थित करणाऱ्यास म्हणूनच क्वचितच यश येते.

संसदेने मनात आणले तर सर्वसाधारण नियमाहून वेगळे स्थळ ठरविता येते, याचे उदाहरण धनादेशांच्या खटल्यांत सापडते. ज्या दिवशी पालघर जिल्हा निर्माण झाला त्याच दिवशी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निर्णय दिला की, न वटलेल्या धनादेशाचा खटला धनादेश काढणाऱ्याच्या बँकेची शाखा जेथे असेल तेथेच चालावा. त्यामुळे होणारी अडचण लक्षात घेऊन २०१५ साली परक्राम्य संलेख अधिनियमात सुधारणा झाली व धनादेश खात्यात भरला असता धनादेश घेणाऱ्याच्या शाखेचे स्थळ हे खटल्याचे स्थळ ठरले. वाहतूक-अपराधांबाबत अशी विशेष तरतूद संसदेने केलेली नाही.

३. खटला वर्ग करण्याचा अधिकार

खटला एका न्यायालयाकडून दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा अधिकार तीन पायऱ्यांवर विभागलेला आहे. दोन्ही न्यायालये एकाच सत्रविभागात असतील तर कलम ४४८ अन्वये सत्र न्यायाधीश. दोन्ही एकाच उच्च न्यायालयाच्या अधीन असतील तर कलम ४४७ अन्वये उच्च न्यायालय. आणि ती दोन निरनिराळ्या उच्च न्यायालयांच्या अधीन असतील तर कलम ४४६ अन्वये सर्वोच्च न्यायालय. एकाच सत्रविभागातील बदलासाठी प्रथम सत्र न्यायाधीशाकडे अर्ज करून तो फेटाळला गेल्याखेरीज उच्च न्यायालयाकडे जाता येत नाही. उच्च न्यायालयाकडील अर्जास प्रतिज्ञापत्राची जोड लागते, आणि आरोपी अर्जदार असेल तर सरकारी अभियोक्त्यास कारणांच्या प्रतीसह लेखी सूचना देऊन किमान २४ तास लोटल्यावरच अर्जाच्या गुणावगुणांवर आदेश होऊ शकतो. निष्कारण अथवा त्रास देण्याच्या हेतूने केलेल्या अर्जाबद्दल विरुद्ध पक्षाला भरपाई देण्याचा आदेशही होऊ शकतो. ज्या न्यायालयास १९७ ते २०५ या कलमांप्रमाणे मुळीच अधिकार नाही, परंतु जे अन्यथा सक्षम आहे, त्याच्याकडे खटला सोपविण्याची शक्ती उच्च न्यायालयास कलम ४४७ ने स्पष्ट शब्दांत दिली आहे.

या रचनेचे परिणाम वसईकराच्या दृष्टीने विलक्षण होतात. पुण्यातील खटला वसईस आणावयाचा तर मुंबईस उच्च न्यायालयात जावे लागेल. उत्तरेकडे गेल्यास स्थिती अधिकच चमत्कारिक दिसते. वापी हे गाव गुजरातेत आहे. तेथील खटला महाराष्ट्रात आणण्यासाठी दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागेल. वापीच्या शेजारचे दमण मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असल्यामुळे तेथील खटल्यासाठी मुंबईचे न्यायालय पुरेसे आहे. पाचशे रुपयांच्या दंडाचा खटला जवळ आणण्यासाठी प्रथम त्याहून दूरच्या व वरिष्ठ न्यायालयात जावे, हा उपाय कागदावर परिपूर्ण असला तरी व्यवहारात निरुपयोगी आहे.

शिवाय अर्जाच्या आधारांचा प्रश्न राहतोच. कलम ४४७ मध्ये निःपक्षपाती न्यायचौकशीची अशक्यता, विधीचा असामान्य अवघड प्रश्न आणि न्यायाचे हित यांबरोबरच पक्षकारांची अथवा साक्षीदारांची ‘सर्वसाधारण सोय’ हाही आधार सांगितला आहे. हे शब्द नवे नाहीत. १८९८ च्या संहितेच्या ५२६ व्या कलमातही ते होते. त्या कलमात घटनास्थळाच्या पाहणीची आवश्यकता हाही एक आधार होता. १९७३ साली तो वगळण्यात आला, सोयीचा आधार कायम राहिला. सत्र न्यायाधीशाच्या अधिकाराचे वर्णन करणाऱ्या कलम ४४८ मध्ये मात्र केवळ न्यायाच्या हिताचा उल्लेख आहे. सोयीचा विचार करावयाचा तो त्यातच अंतर्भूत मानून करावा लागतो.

सोय म्हणजे कोणाची सोय, हा खरा प्रश्न आहे. ‘सर्वसाधारण’ या विशेषणाने त्याचे अर्धे उत्तर दिलेले आहे : ती एकट्या आरोपीची सोय नव्हे. मनेका संजय गांधी विरुद्ध राणी जेठमलानी या प्रकरणात मुंबईच्या दंडाधिकाऱ्यापुढील अब्रुनुकसानीचा खटला दिल्लीस वर्ग करावा, अशी मागणी होती. १९७८ साली ती फेटाळताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की, निःपक्षपाती न्यायचौकशी हीच प्रधान कसोटी आहे. एका पक्षाची तुलनात्मक गैरसोय किंवा हळवेपणा यांवर खटला हलविता येत नाही, त्याहून सबळ कारण लागते. हा खटला खाजगी फिर्यादीचा होता. वाहतूक-अपराधात फिर्यादी पक्ष शासन असतो, पोलीस साक्षीदार घटनास्थळी असतात. तेव्हा ‘घर दूर आहे’ एवढ्या कारणावर खटला वर्ग होण्याची आशा फारच थोडी.

४. न्यायालय हलत नाही. उपस्थिती टाळता येते

विधीने या अडचणीकडे पाठ फिरविली आहे असे मात्र नाही. न्यायालय आरोपीजवळ आणण्याऐवजी आरोपीला न्यायालयात येण्याची गरजच पडू नये, अशी दिशा त्याने स्वीकारली. तिचे चार मार्ग सांगता येतील.

पहिला, तडजोडीचा. मोटार वाहन अधिनियमाच्या २०० व्या कलमाप्रमाणे त्यात नमूद केलेले अपराध खटला दाखल होण्यापूर्वी किंवा नंतरही राज्य शासनाने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे ठरावीक रक्कम भरून मिटविता येतात. ई-चलानाची रक्कम कोठूनही भरता येत असल्याने येथे स्थळाचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा, टपालाने कबुली देण्याचा. कलम २०८ प्रमाणे केवळ दंडास पात्र असलेल्या अपराधात न्यायालयाने समन्सवरच लिहावयाचे असते की, आरोपीने वकिलामार्फत वा स्वतः हजर व्हावे, अथवा ठरावीक दिनांकापूर्वी पोचपावतीसह नोंदणीकृत पत्राने अपराध कबूल करून न्यायालयाने निर्दिष्ट केलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवावी. तसे केल्यावर पुढील कारवाई होत नाही. ही योजना १९३९ च्या अधिनियमाच्या १३० व्या कलमातून आलेली आहे. इंग्लंडमध्ये टपालाने कबुली देण्याची सोय १९५७ च्या दंडाधिकारी न्यायालय अधिनियमाने झाली. या बाबतीत हिंदुस्थानातील विधी अठरा वर्षे पुढे होता. कलमाची भाषा मात्र जुन्या काळाचीच राहिली. नोंदणीकृत टपालाची सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. किरकोळ अपराधांतील विशेष समन्सविषयीच्या कलम २२९ मधून मोटार वाहन अधिनियमाखालील अपराध वगळले आहेत, त्याचे कारणही हेच की त्यांची सोय अन्यत्र केलेली आहे.

तिसरा मार्ग दूरदृश्य न्यायालयाचा. महाराष्ट्रात वाहतूक-अपराधांसाठी अशा न्यायालयाचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यात तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. अशा न्यायालयात आरोपीने दंड मान्य करून भरला की प्रकरण संपते. मान्य न केल्यास ते स्थानिक अधिकारक्षेत्र असलेल्या नियमित न्यायालयाकडे जाते.

चौथा, वैयक्तिक उपस्थितीतून सूट मिळण्याचा. कलम २२८ अन्वये दंडाधिकारी आरोपीस वकिलामार्फत हजर होण्याची अनुमती देऊ शकतो. भास्कर इंडस्ट्रीज विरुद्ध भिवानी डेनिम या २००१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, आरोपी फार दूर राहत असल्यास किंवा अन्य सबळ कारण असल्यास आणि त्याच्या उपस्थितीपासून होणाऱ्या लाभाच्या मानाने त्याला होणारा त्रास अतोनात असल्यास, समन्स-खटल्यात पहिल्या तारखेपासूनही अशी सूट देता येते. अंतराचा प्रश्न खटला वर्ग करण्याच्या अर्जात दुर्बळ ठरतो, तोच उपस्थितीच्या अर्जात बलवान ठरतो. समन्स मिळालेल्या दूरस्थ नागरिकाने प्रथम याच अर्जाचा विचार करावा, हे यावरून उघड होते.

५. नाकबुलीचा भार

वरील चार मार्ग एकत्र पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. पहिले तिन्ही मार्ग अपराध मान्य करणाऱ्यासाठी आहेत. जो अपराध नाकारतो त्याच्यासाठी चौथा तेवढा उरतो, आणि तो दंडाधिकाऱ्याच्या विवेकावर व आरोपीच्या वकील करण्याच्या ऐपतीवर अवलंबून आहे.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. विरारच्या एका कारकुनाची स्कूटर तालुक्याबाहेर कधी गेली नाही. तिचाच क्रमांक खोटेपणाने लावलेले दुसरे वाहन पुण्यातील चौकात सिग्नल ओलांडते, आणि चलान या कारकुनाच्या नावे निघते. पोलिसांच्या यंत्रणेत तक्रार नोंदविण्याची सोय आहे; तेथे दाद लागली तर उत्तमच. न लागल्यास खटला पुण्यास चालणार. प्रवासाविषयीचे २०३ वे कलम त्याच्या उपयोगाचे नाही, कारण त्याने प्रवासच केला नव्हता. पुण्यास जाण्यायेण्यात कामाचा दिवस बुडतो, तारीख वाढली तर दुसराही बुडतो. वकिलाचे शुल्क दंडाहून अधिक. अशा स्थितीत तो न केलेल्या अपराधाची रक्कम भरून मोकळा होतो. विधीने त्याच्यावर जबरदस्ती केलेली नसते, तरीही अंतराने त्याच्याकडून कबुली घेतलेली असते. आरोपी निर्दोष आहे असे गृहीत धरण्याचे तत्त्व न्यायालयाच्या दाराशी आल्यावर सुरू होते. दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च त्या तत्त्वाच्या कक्षेबाहेर राहतो.

अन्य देशांनी या प्रश्नाचा विचार कसा केला, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन संहितेत, चालकाने मागणी केल्यास ज्या परगण्यात अपराध घडला असे म्हटले असेल त्याच्या मुख्य ठिकाणच्या न्यायालयात हजर होण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे तेथे स्थळबदल हा मर्यादित का होईना, पण हक्क आहे. त्याहून महत्त्वाची तरतूद ४०९०२ व्या कलमात आहे : लहान वाहतूक-अपराध नाकारणारा आरोपी आपले म्हणणे लेखी निवेदनाने पाठवून न्यायालयाचा निर्णय मागू शकतो, आणि निर्णय विरुद्ध गेल्यास नव्याने सुनावणी मागू शकतो. भारतीय विधीने कबुलीसाठी टपालाचा जो मार्ग १९३९ पासून खुला ठेवला आहे, तोच तेथे नाकबुलीसाठीही खुला आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, वाहतूक-अपराधाच्या खटल्याचे स्थळ बदलून मागण्याचा हक्क भारतीय विधीत आरोपीला नाही. बदल करण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयांना आहे, पण तो अपवादात्मक आहे व लहान प्रकरणांत परवडणारा नाही. म्हणून समन्स हाती पडल्यावर क्रमाने पाहावयाच्या गोष्टी अशा : समन्सवरील न्यायालय घटनास्थळाच्या हद्दीचे आहे काय, अपराध तडजोडीस पात्र आहे काय, कबुली द्यावयाची नसल्यास कलम २२८ खाली उपस्थितीतून सूट मागता येईल काय, आणि सर्वांत शेवटी, खटला वर्ग करण्याजोगे सबळ कारण आहे काय.

विधिसुधारणेची दिशाही यातच सूचित होते. न्यायालयांच्या हद्दी पुसून टाकण्याचे कारण नाही; त्यांच्यामागील तर्क आजही टिकणारा आहे. परंतु संहितेच्या ५३० व्या कलमाने साक्षी-पुराव्यासह सर्व कार्यवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविण्यास मोकळीक दिली आहे. तिचा उपयोग करून, कलम २०८ खालील समन्सवर कबुलीच्या सोयीबरोबर लेखी नाकबुलीची व दूरदृश्य सुनावणीची सोय नमूद करता आली, तर पुण्याचा दंडाधिकारी पुण्यासच राहील आणि विरारचा कारकून विरारहून आपले म्हणणे मांडू शकेल. कबूल करणाऱ्याला जेवढी सवलत, तेवढीच नाकारणाऱ्यालाही मिळणे, हे या लहान खटल्यांत न्यायाचे किमान माप मानावयास हरकत नाही.